हबीबभाईंची पाहुणी

हबीबभाईंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. दंड लक्षात राही.

रस्त्यात कोणी रामराम घातला की ते दोन पावलं जवळ येत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "बाही वर कर ना भाऊ, म्हंजे ओळख लागते." समोरच्याने बाही सरकवली की त्यांचा चेहरा उजळे. "हां! मुरुमगावचा मडावी! दोन वण गोल, एक चपटा. तुह्या मायनं टोचल्यावर वरून शेण लावलं होतं, म्हणून चपटा झाला. कशी हाय माय?"

ते सरकारी देवी टोचणारे. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. राहणारे चांद्याचे, पण धानोऱ्याच्या बाजूची सगळी जंगलपट्टी त्यांच्याकडे होती. रस्ता असेल तिथवर सायकल, पुढे पायी. खांद्याला टिनाची पेटी आणि हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बांबूची नळी, तिच्यात टोचायची लस. एकदा आमच्या जंगलखात्याच्या डेपोत नवे रेंजर साहेब हजर झाले. आम्ही हार घेऊन उभे होतो. हबीबभाई पुढे गेले आणि म्हणाले, "साहेब, कोट काढता का जरा?" साहेबांना वाटलं, इकडची स्वागताची पद्धत असेल. त्यांनी कोट काढला, बाहीही वर केली. हबीबभाईंनी दंड पाहिला, "पुन्हा टोचावं लागते," म्हणाले आणि साहेबांच्या गळ्यात हार पडायच्या आधी दंडावर सुई पडली.

मी डेपोत कारकून. बांबू मोजणं हे माझं काम. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही. हबीबभाईंनाही प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागे, त्यामुळे आमचं जमे. धानोऱ्याला आले की ते डेपोच्या पायरीवर टेकत आणि आपला सिद्धान्त सांगत. मी तो इतक्यांदा ऐकला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता.

देवीच्या आजाराला ते देवी म्हणत नसत, रोगही म्हणत नसत. 'बाईसाहेब' म्हणत.

"बाबू, बाईसाहेब म्हंजे पाहुणी. ताप आला म्हंजे फाटकात आली. फोड आले म्हंजे बाजेवर बसली. खपल्या धरल्या म्हंजे 'निघते आता' म्हणाली. आता तूच सांग, आपल्या इकडं 'निघते' म्हटलेली बाई निघते का? दारात उभी राहून अर्धा घंटा बोलते! तोच टाइम खराब. घरचे समजतात गेली. कवाड उघडं टाकतात, लेकरं बाहेर सोडतात, अन् ती तिथीच उभी."

"मग ती गेली हे कधी समजायचं?" मी दर वेळी विचारायचो, कारण त्याशिवाय ते थांबत नसत.

"शेवटची खपली पडली का. त्याच्या आधी नाई. कोणी काई म्हणो."

मी हसायचो. त्या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायचे दिवस संपत आले असताना, माझी बायको यशोदा तापाने पडली आणि माझं हसू गेलं.

ताप उतरला तेव्हा तिच्या तोंडावर आणि हातांवर फोड दिसले. आमची चिंगी तेव्हा अंगावर पिणारी होती. तिला जन्मापासून इसब. गाल आणि कोपरं सतत ओली. अशा लेकराला देवी टोचता येत नाही, टोचलं तर तेच अंगभर पसरतं. त्यामुळे हबीबभाईंनी तिला दोनदा पाहून परत केलं होतं. म्हणजे घरात टोचलेलं नाही असं एकच माणूस होतं, आणि तेच आजारी आईच्या कुशीत झोपत होतं.

निरोप मिळाला तसे हबीबभाई आले. आल्या आल्या त्यांनी चिंगीला यशोदेच्या हातातून काढून माझ्या हातात दिलं. अंगणालगतच्या बाडीच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली कुडाची झोपडी होती, तिच्यात यशोदेची बाज टाकायला लावली. मग चुलीतली राख आणून अंगणातून आडवी रेघ ओढली.

"वहिनी, तुम्ही त्या बाजूले. लेकरू या बाजूले. मधी फक्त माय जाईल." माझ्या आईला लहानपणी देवी येऊन गेली होती, तिचा सगळा चेहरा वणांनी भरलेला. जिला एकदा येऊन गेली तिला पुन्हा येत नाही. "अन् वहिनी, दूध आटू द्यायचं नाई. रोज पिळून राखेत टाका. रडू आलं तरी पिळा."

यशोदा तशी तोंडाची फटकळ. पण त्या वेळी ती फक्त मान हलवून झोपडीकडे गेली.

आता अडचण अशी झाली की, आजार कोणता हेच नक्की होईना. यशोदेला लहानपणी टोचलेलं होतं, त्यामुळे फोड विरळ होते. विरळ असले की देवी आणि कांजिण्या सारख्याच दिसतात. कांजिण्या असतील तर खपल्या वाळल्या की बाई घरात आली तरी चालते. देवी असेल तर शेवटची खपली पडेपर्यंत नाही. हबीबभाई रेघेजवळ उकिडवे बसून लांबून पाहत राहिले, टोपी काढून डोकं खाजवत राहिले. त्यांना 'समजत नाई' म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"कागद मागवू," ते म्हणाले. "खपली बाटलीत घालून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची. ते लोक ती कोंबडीच्या अंड्यात टाकतात. बाईसाहेब असतील तं अंड्यात वाढतात. कांजिण्या नाई वाढत. पक्कं काम."

माझी आई सूप बाजूला ठेवून उभी राहिली. "कशात टाकतात?"

"अंड्यात, माय."

"कोंबडीच्या? देवीले कोंबडीच्या अंड्यात? तुमच्या डोस्क्यात काई हाय का नाई, दाक्तर?"

"अवो माय, अंडं म्हंजे तिच्यासाठी गादी हाय, गादी! ऊबदार."

"तुमच्या मायले बसवा त्या गादीवर!"

मी आईला समजावलं. बाईमाणसाच्या अंगाची खपली हबीबभाई काढणार नव्हते, आणि रेघेपलीकडे आईच जात होती. त्यामुळे खपल्या धरल्यावर बाटली तिच्याच हातात दिली. ती तोंडात काहीतरी पुटपुटत झोपडीत गेली आणि थोड्या वेळाने बाटली आणून पायरीवर ठेवली. आत दोन काळपट खपल्या होत्या. हबीबभाईंनी बाटलीला लाख लावली, बांबूच्या नळीत घातली आणि डाकेने रवाना केली.

मग वाट पाहणं सुरू झालं. चिंगीला चोचीच्या बोंडल्याने शेळीचं दूध पाजत होतो. ती अर्धं गिळायची, अर्धं ओकायची. दाराला देवीची खूण म्हणून कडुलिंबाचा डहाळा लावलेला, त्यामुळे आमच्या घराकडे कोणी फिरकत नव्हतं. लेकुरवाळ्या बाया गल्लीत होत्या, पण देवीच्या घरचं लेकरू पदराखाली घ्यायला कोण येणार? यशोदा रोज रेघेपलीकडे येऊन उभी राहायची आणि विचारायची, "किती प्याली?" मी खरं ते सांगायचो. ते ऐकून ती झोपडीत जायची, आणि आई म्हणायची की आता ती पिळून टाकते आहे.

हबीबभाई दर दोन-तीन दिवसांनी येत. एकदा यशोदाच त्यांना म्हणाली, "भाऊ, तुमची पाहुणी लयच चिवट हाय. माह्या सासूच्या वरताण."

"ऐकू येते मले," आई चुलीजवळून म्हणाली.

"म्हणूनच बोलली."

हबीबभाई हसले, पण त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या चिंगीवर होती. तिच्या हाताची कातडी सैल पडली होती. ते हळूच म्हणाले, "बाबू, रात्रंदिवस हीच दुआ करून राह्यलो का कागदात कांजिण्या निघू दे."

खपल्या पडत गेल्या. यशोदेचं तोंड साफ झालं, हात साफ झाले. आईने रीतीप्रमाणे कडुलिंबाच्या पाण्याने तिला न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य केला आणि देवीची बोळवण केली. आईच्या हिशेबाने घर मोकळं झालं होतं. मी आणि हबीबभाई मात्र कागदासाठी अडून बसलो.

कागद आला तो डेपोच्या डाकेत. सकाळपासून चिंगीच्या पोटात काही टिकलं नव्हतं. हबीबभाई मुरुमगावच्या वाटेवर होते; मी माणूस पाठवला. ते घामाने निथळत आले, सायकल कुंपणावर टाकून दिली. कागद इंग्रजीत होता. मी वाचून अर्थ सांगितला: अंड्यात काहीही वाढलेलं नाही. देवीचा आजार आढळला नाही.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"कांजिण्या!" ते इतक्या जोरात ओरडले की शेळी बिचकली. "वहिनी! निघा! पाहुणी नव्हतीच आली! दुसरंच कोणी होतं!" आणि त्यांनी स्वतःच्या पायाने ती राखेची रेघ पुसली.

यशोदा झोपडीतून निघाली ती जवळजवळ धावतच. मी चिंगीला घेऊन दारात उभा. आजारातून उठून आलेल्या माणसाच्या पायावर उंबऱ्याबाहेर पाणी घालायची आमच्याकडे रीत आहे. आई तांब्या घेऊन उभी होती. यशोदेने एक पाय उंबऱ्यासमोरच्या दगडावर ठेवला. चिंगीने यशोदेला ओळखलं असावं, कारण तिने दोन्ही हात पुढे केले. यशोदेच्या चोळीवर ओल पसरलेली मला दिसली.

आई पाणी घालेना.

"घाल ना माय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हबीबभाईंकडे, आणि ती दार अडवून उभी राहिली. "थांब वो पोरी," ती म्हणाली. "जरा थांब."

"आता काय राह्यलं?" यशोदेचा आवाज चिरकला. "सरका वो बाई! माह्यं लेकरू हाय ते!" आणि आत घुसायला तिने दुसरा पाय उचलला.

हबीबभाई मागे उभे होते. त्या उचललेल्या पायाचा तळवा त्यांना दिसला.

"थांबा!"

ते खाली बसले. यशोदेला हात न लावता म्हणाले, "वहिनी, तळवा वर करा. उजेडाकडं." तळव्याच्या जाड कातडीखाली मसुरीएवढे काळे ठिपके होते. दुसऱ्या तळव्यालाही होते. कांजिण्या तळव्यावर सहसा येत नाहीत, हे त्यांनीच मला डेपोच्या पायरीवर सांगितलेलं होतं.

"कागद खोटा आहे का मग?" मी विचारलं.

"कागद खोटं नाई बोलत, बाबू. त्याले जे दाखवलं त्याचंच तो सांगते." त्यांनी हळूहळू मान वळवली. "माय. त्याले काय दाखवलं?"

आईने तांब्या खाली ठेवला. लुगड्याचा काठ जरा वर घेतला. तिच्या नडगीवर जुन्या खरचटीचा गुलाबी डाग होता. उखळाला आपटून झालेली ती जखम मी पाहिली होती, विसरलोही होतो.

"माह्या नडगीची खपली घातली," ती म्हणाली. "देवीनं मले लहानपणी जित्तं सोडलं. माह्या दोन भावायले नेलं, मले सोडलं. तिले माह्या हातानं कोंबडीच्या अंड्यात टाकू? नाई जमलं मले." मग ती मटकन उंबऱ्यावर बसली. "बोळवण केली, तरी लेकराले कशी धोका देऊ? पोरीनं पाय ठेवला अन् माह्या हातून पाणी पडेना."

मी काय बोललो ते मला इथे लिहायचं नाही. आवाज चढला होता एवढं खरं. हबीबभाईंनी माझ्या खांद्यावर हात दाबून मला गप्प केलं.

"बाबू, कागद एकदम बरोबर हाय," ते म्हणाले. "मायच्या नडगीले देवी नाई, हे पक्कं झालं." आणि मग, आईकडे न पाहता, "चूक माही हाय. बाटली देल्ली, पण मायच्या मनाले विचारलं नाई. अन् कागद पाहून नाचलो, पाय नाई पाह्यले."

यशोदेला कोणी काही सांगावं लागलं नाही. ती दगडावरून उतरली. चिंगी रडायला लागली तशी ती पाठमोरी झाली आणि पुसलेल्या रेघेच्या पलीकडे गेली. हबीबभाईंनी चुलीतली राख आणून रेघ पुन्हा ओढली. रेघ वाकडी आली.

"आता खरी खपली देऊ का?" आई खाली मान घालून म्हणाली.

"आता कायले, माय? आता पाठवली तं उत्तर येईपर्यंत पोट्टी शाळेत जाईल. अन् तो कागद कोणती पाहुणी ते सांगेल, आपल्याले पाह्यजे ती गेली का नाई ते. आता तळवेच सांगतील."

हबीबभाई मुरुमगावला गेले नाहीत. आमच्या बाडीतच, झाडाच्या सावलीत पेटी उशाला घेऊन राहिले. त्यांच्या सांगण्यावरून आई दिवसातून तीनदा यशोदेचे पाय कोमट पाण्यात बुडवी, जवसाचं तेल चोळी आणि कातडी मऊ झाली की एकेक काळा दाणा सुईने उकरून काढी. काढलेला दाणा लगेच निखाऱ्यावर. हबीबभाई रेघेवरून पाहत, "तो टाचेजवळचा, माय... नाई, त्याच्या बाजूचा," असं सांगत. आईने एवढी आज्ञा आयुष्यात कोणाची पाळली नसेल. सुई लागली तर यशोदा म्हणे, "टोचा, टोचा, नडगीचा बदला घ्या," आणि आई खाली मान घालून दाणा काढत राही.

या बाजूला मी चिंगीला पाजत होतो. हबीबभाईंनी शेळीच्या दुधात उकळलेलं पाणी किती घालायचं ते ठरवून दिलं, आणि बोंडल्याऐवजी स्वच्छ कापडाची वात चोखायला द्यायला लावली. ती थोडं थोडं पोटात ठेवू लागली. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ती रडेनाशी झाली. रडणारं लेकरू गप्प झालं की किती भीती वाटते, ते ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. हबीबभाई उठून रेघेपाशी गेले, यशोदेच्या तळव्यांकडे पाहिलं, परत आले, बसले, पुन्हा गेले.

"यशोदेला आत घेऊ का भाऊ?" मी विचारलं. "एवढे दोन-चारच दाणे राहिलेत."

बायकोला आत घ्यायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. तरी मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. "पोट्टीच्या गालाची कातडी अशी उघडी," ते शेवटी म्हणाले. "टोचलेलं नाई. एक दाणा बी नको बाबू. वात भिजव. पुन्हा पाज."

मी वात भिजवली. पुन्हा पाजलं.

त्यानंतरच्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी सकाळी, यशोदेने दोन्ही तळवे उन्हात धरले. आईने अंगठा फिरवला. काही लागलं नाही. हबीबभाईंनी चष्मा पुसून पाहिलं, बोटांच्या बेचक्यांतही पाहिलं. "बाईसाहेब गेल्या," ते म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

यशोदेने साबणाने अंघोळ केली, कोरं लुगडं नेसली. झोपडी पेटवून दिली. आईने पायावर पाणी घातलं आणि मी चिंगीला यशोदेच्या हातात दिलं. चिंगीने आधी तोंड फिरवलं. वातीची सवय झालेली. यशोदा तिला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. हबीबभाई पाठ करून जळत्या झोपडीकडे पाहत राहिले. मग आतून चुटुक चुटुक असा आवाज आला, आणि आई पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली.

मला वाटलं, आता हबीबभाई निघतील. पण ते म्हणाले, "वहिनी, लेकरू झोपलं का भात टाका. तुमच्या हातानं. मी जेवून जातो. आत नाई, इथी ओट्यावर, रस्त्याच्या तोंडावर."

तेव्हा मला उमगलं. विहिरीवर बाया आमचा हंडा पाहून बाजूला होत होत्या. आमचं घर उघडलं होतं, गाव उघडायचं राहिलं होतं.

ओट्यावर पत्रावळ मांडली. बाजाराला जाणारी माणसं समोरून जात होती. हबीबभाई पत्रावळीवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागले. "रामराम पाटील! काऊन असे लांबून चालून राह्यले? वहिनीच्या हातचं वरण पाहा! या, बसता का?" माणसं थबकत. देवीडॉक्टर देवीवाल्या बाईच्या हातचं खातो आहे, हे पाहून पुढे जात. परत येताना एक-दोघांनी यशोदेला तब्येत विचारली. शेजारची म्हातारी कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवून गेली.

यशोदा वाढत होती, ते जेवत होते. 'वाढा' म्हणत होते, ती वाढत होती. काही वेळाने ती आत येऊन मला हळूच म्हणाली, "भात सरत आला. पण ते उठून नाई राह्यले."

मी बाहेर डोकावलो. बाजार उठला होता. रस्त्यावर आता कोणी नव्हतं, कोणाला दाखवायचं उरलं नव्हतं. हबीबभाईंचं पोट केव्हाच भरलं असावं. ते भाताची छोटी छोटी शितं बोटाने एकत्र करत होते, घास तोंडात जात नव्हता. यशोदा पातेलं घेऊन दारात आली तसं त्यांनी मान वर न करता म्हटलं, "वाढा, थोडा."

"भाऊ, पोट दुखेल तुमचं," मी म्हणालो.

"दुखू दे." मग शितं पुन्हा गोळा करत, "आजाऱ्याच्या घरून आला म्हणून लोक मले पत्रावळ ठेवून आत जातात, बाबू. जेवण असते चांगलं. पण वाढायले कोणी उभं नाई राहत. कोणी वाढत असताना जेवायची सवयच मोडली आता."

यशोदेने पातेलं खरवडून उरलेला भात वाढला. आई तिच्या मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"दुसरा टाक," ती सुनेला म्हणाली. आणि खुंटीवरचा विंझणा घेऊन ती ओट्यावर, हबीबभाईंच्या पत्रावळीला लागून बसली आणि वारा घालू लागली. "जेव बापा. सावकाश जेव."